सरांचा मेहुणा आणि एमआरआयची यादी

पत्र

ताई, मी नागपुरातल्या एका सरकारी रुग्णालयात रेडिओलॉजीची दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे. गेल्या महिन्यात एमआरआयची यादी माझ्याकडे होती. सकाळी साडेनवाला दुसऱ्या विभागातल्या एका सरांचा फोन आला. ‘माझा मेहुणा येतोय, दोन महिन्यांपासून कंबर दुखते त्याची, जरा मध्ये घे.’ मी घेतला. दुपारी दोन इमर्जन्सी आल्या आणि यादीतला शेवटचा पेशंट राहून गेला. सिरोंचाकडचे एक बाबा होते, सोबत त्यांची पुतणी. त्यांना सव्वा महिन्यापूर्वी ही तारीख मिळाली होती. मी ‘उद्या या’ म्हटलं. पुतणी एवढंच म्हणाली, ‘उद्या होईल नं जी?’ रात्री मेसला जाताना ते दोघं आवारातच चादर अंथरून बसलेले दिसले. टेक्निशियन काका म्हणाले, ‘मॅडम, हे रोजचंच आहे, मनावर नका घेऊ.’

माझी अडचण अशी की याच सरांनी दिवाळीत माझ्या बाबांचं सीटी स्कॅन संध्याकाळच्या संध्याकाळी करून दिलं होतं. मुतखड्याने अक्षरशः लोळत होते ते. तेव्हा मला कुणाची रांग आठवली नाही. रूममेट म्हणते, आपण छत्तीस-छत्तीस तास ड्युटी करतो, आपल्या घरच्यांसाठी एवढंही नको का? डॉक्टरांनी डॉक्टरांना आधी पाहायचं ही तर जुनी रीत आहे म्हणे. ती बरोबर आहे का? आणि नसेल, तर ज्या सरांची आमच्या एचओडींसोबत, म्हणजे विभागप्रमुखांसोबत, रोजची ऊठबस आहे, त्यांना नाही कसं म्हणू?

– यादी सांभाळणारी

उत्तर

पोरी, मी निवृत्त सिस्टर आहे. वॉर्डात असते तर तुला मॅडमच म्हटलं असतं. पण पत्रात तू ताई म्हणालीस, म्हणून एकेरीवर येते. हॉस्पिटलचं नाव तू लिहिलं होतंस, ते मी छापलेलं नाही. तसंही ‘सरांचा पेशंट’ हा प्रकार एकाच इमारतीत होतो असं काही नाही.

सगळ्यात आधी एक काम. त्या बाबांचा स्कॅन दुसऱ्या दिवशी झाला की नाही, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. रजिस्टर काढ आणि बघ. झाला नसेल तर केसपेपरवरच्या नंबरावर फोन लाव आणि येत्या यादीत त्यांना पहिलं नाव दे. हा उपकार नव्हे, त्यांची पाळी आधीच येऊन गेली आहे. बाकीचं मग बोलू.

आता तुझ्या रूममेटची ती जुनी रीत. जुनी आहे यात शंका नाही. १८०३ साली मँचेस्टरच्या थॉमस पर्सिव्हल या डॉक्टरने वैद्यकीय नीतीवर पुस्तक लिहिलं, त्यात डॉक्टरांनी एकमेकांना आणि एकमेकांच्या बायकामुलांना फी न घेता तपासावं असं आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १८४७ च्या आपल्या पहिल्या आचारसंहितेत ते उचललं. आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची नियमावली आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी आली होती, ती त्याच महिन्यात स्थगित झाली, त्यामुळे जुनीच चालते. तिच्यातही हेच आहे. डॉक्टरांची आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या जवळच्या कुटुंबीयांची विनामूल्य सेवा करण्यात डॉक्टरने आनंद मानावा, असं ती म्हणते.

आता हे नीट वाच. तिन्ही ठिकाणी बोलणं आहे ते फीबद्दल. फी तपासणाऱ्या डॉक्टरची स्वतःची असते, त्याने ती घ्यावी की सोडावी हा त्याचा प्रश्न. दुसऱ्याच्या पाळीबद्दल तिथे चकार शब्द नाही. असणार तरी कसा? पर्सिव्हलच्या काळात पैसेवाल्यांच्या घरी डॉक्टर स्वतः जायचा. दहा खुर्च्या आणि चाळीस माणसं असलेला वेटिंग हॉल त्याच्या डोळ्यासमोर नव्हता. एका मशीनवर पाच जिल्ह्यांची यादी तर नव्हतीच नव्हती.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. सहकाऱ्याला जे द्यायचं ते आपल्या खिशातून द्यावं. तू दुपारचा डबा बाजूला ठेवून सरांच्या मेहुण्याच्या जुन्या फिल्म बघितल्यास, ते तुझं. रविवारी फोनवर अर्धा तास रिपोर्ट समजावून सांगितलास, तेही तुझं. सरांनी स्वतःच्या ओपीडीनंतर थांबून तुझ्या आईचा गुडघा तपासला, तर ते त्यांचं आणि ते मोठेपणाचंच आहे. पण साडेनऊच्या फोनवर त्यांनी मागितली आणि तू दिलीस ती अर्ध्या तासाची जागा तुम्हा दोघांपैकी कुणाचीच नव्हती. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. हलवाई सिरोंचाचा होता आणि त्याला विचारलंही नव्हतं.

तू म्हणशील, इमर्जन्सी आल्या म्हणून ते राहिले. इमर्जन्सी येणारच, आणि त्यांनी पुढे जायलाच पाहिजे. नेपोलियनच्या फौजेतला सर्जन दोमिनिक लारे याने दोनशे वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलं की जखम ज्याची गंभीर तो आधी, मग हुद्दा काहीही असो. त्या दिवशीच्या यादीत इमर्जन्सीसाठी जी फट होती, ती मेहुण्याने सकाळीच बुजवली होती. स्पाइनच्या एका एमआरआयला पेशंट टेबलवर चढवण्यापासून उतरवण्यापर्यंत अर्धा तास जातो. तो अर्धा तास दिवसभर खाली खाली सरकत जातो आणि शेवटच्या माणसावर येऊन आदळतो.

आणि शेवटचा माणूस कोण असतो, हेही बघ. नागपूरचा माणूस सकाळी आठला येऊन बसतो. लांबून येणाऱ्याला दुपारची वेळ दिली जाते, कारण त्याची एसटीच उशिरा पोहोचते. म्हणजे धक्का लागतो तो नेमका लांबच्याला. धरमपेठेतल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणजे ॲक्टिव्हावर आणखी एक फेरी. सिरोंचा कुठे आहे? पार प्राणहितेच्या काठावर, तेलंगणाच्या सीमेला. नागपूर ते गडचिरोली सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, आणि तिथून पुढे तेवढंच, किंबहुना थोडं जास्तच जंगल. त्या दोघांसाठी ‘उद्या या’ म्हणजे एक रात्र, दोघांची मजुरी, गणेशपेठच्या स्टँडवरून सुटलेली गाडी, आणि घरी म्हशीला कोण बघतंय याची काळजी. सरांच्या मेहुण्याला दोन दिवसांनंतरची तारीख दिली असती तर त्याचं काय गेलं असतं? दोन महिने दुखणारी कंबर आणखी दोन दिवस दुखली असती.

तुझ्या रूममेटचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. त्यातला अर्धा भाग खरा आहे. १६ जानेवारी २०२१ ला देशात कोविडची लस सुरू झाली, तेव्हा पहिल्या रांगेत दवाखान्यांतले लोक होते. डॉक्टर, सिस्टर, सफाई कामगार, सगळे. कुणी तक्रार केली नाही, कारण त्यामागचं कारण उघड होतं. ते आजारी पडले तर बाकीच्यांना बघणार कोण? तसंच, वॉर्डात तीस पेशंट सोडून एखादी निवासी डॉक्टर ताप अंगावर घेऊन ओपीडीत चार तास उभी राहिली तर नुकसान त्या तीस जणांचं आहे. तिला आधी बघा, खुशाल बघा. ड्युटीवरच्या वॉर्डबॉय मामांना सुई टोचली, तर त्यांनाही आधी बघा. ज्याला पुढे घेतल्याने मागच्यांचं काम अडत नाही, उलट होतं, त्याला पुढे घेण्यात पाप नाही. या कसोटीवर मेहुणा बसतो का सांग. तो तर बँकेत की कुठे असेल!

छत्तीस तास राबवून घेतात आणि आजारपणात वाऱ्यावर सोडतात, हा राग योग्य आहे. पण त्याची भरपाई व्यवस्थापनाकडून घ्यायची असते. ती बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याकडून वसूल करणं सोपं जातं एवढंच, कारण तो भांडत नाही.

तुझ्या बाबांबद्दल. मुतखड्याची कळ ज्याने पाहिली आहे तो त्या संध्याकाळी रांग आठवली नाही म्हणून तुला दोष देणार नाही. असा लोळणारा पेशंट कॅज्युअल्टीत ओळखीशिवाय आला असता तरी त्याला आधी घेतलं असतं, निदान घ्यायला पाहिजे होतं. म्हणजे त्यांचा नंबर दुखण्यानेच लावला होता. ओळखीचा उपयोग इतकाच झाला की कोणतं दार वाजवायचं ते तुला ठाऊक होतं. त्याची परतफेड करायची असेल तर ते दार इतरांना दाखव. मुतखडा घेऊन येणारा पुढचा माणूस तीन खिडक्या फिरत असेल तर त्याला सरळ कॅज्युअल्टीत पोहोचवून दे. सरांना मात्र दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये परतफेड करायची नाही. ‘बाबांच्या वेळी मदत केलीत, विसरले नाही’ हे तोंडाने सांग, त्यांच्या घरच्या कुणाची फिल्म असेल तर रात्री जागून वाच.

आता एक गोष्ट जी डॉक्टरांना कोणी सांगत नाही, पण वॉर्डातली प्रत्येक सिस्टर जाणते. ‘आपला पेशंट’ हा वॉर्डातला सगळ्यात धोक्याचा पेशंट असतो. तो मागच्या दाराने येतो, म्हणून त्याचा केसपेपर नसतो. केसपेपर नाही म्हणून त्याला कशाची ॲलर्जी आहे ते लिहिलेलं नसतं. सरांनी कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या गोळी सांगितलेली असते, ती कुठे नोंदवलेली नसते. आणि रात्री दोन वाजता त्याचं बीपी पडलं की फाइलच नसलेला माणूस रात्रपाळीच्या सिस्टरच्या वाट्याला येतो. ‘काय दिलंय हो याला?’ विचारायला फोन करावा तर सर झोपलेले.

तुमच्या विभागात तर हे जास्तच. मशीनमध्ये सरकवण्याआधी तुम्ही विचारता ना? पेसमेकर आहे का, मेंदूत क्लिप बसवली आहे का, कानात इम्प्लांट आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? सिरोंचाच्या बाबांना तुम्ही हे सगळं विचारलं असतं, अंगठा घेऊन फॉर्म भरला असता. मेहुण्याचा भरला का? मनाशी खरं उत्तर दे. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन द्यायचं असतं तर किडनीसाठी क्रिएटिनिन बघितलं असतं का, की ‘सरांनी बघितलंच असेल’? सोनोग्राफीचं तर विचारूच नको. डॉक्टरची बायको गरोदर, ‘फॉर्म एफ राहू दे गं, आपल्याच वहिनी आहेत’ असं म्हणणारे मी कानांनी ऐकले आहेत. हा फॉर्म ज्या १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याने भरावा लागतो, त्यात वहिनींसाठी सूट नाही, आणि फॉर्ममधल्या त्रुटी म्हणजे नुसत्या कारकुनी चुका असं म्हणायला सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये साफ नकार दिला. तिथे अडकशील ती तू, वहिनी नाहीत.

वॉल्टर वाइनट्रॉब नावाच्या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९६४ मध्ये यावर लिहिलं. वजनदार पेशंट वॉर्डात आला की सगळे नेहमीची पद्धत सोडतात, आणि त्यात त्याचंच वाईट होतं. तेव्हापासून डॉक्टर मंडळी याला व्हीआयपी सिंड्रोम म्हणतात. सरांना नाही म्हणताना हे लक्षात ठेव, म्हणजे आवाज कापणार नाही. रांगेत आणून तू त्यांच्या मेहुण्याला फॉर्म, केसपेपर आणि नोंद मिळवून देते आहेस.

खासगीत काय चालतं, हेही कुणी विचारेल. धंतोली-रामदासपेठेत काही ठिकाणी बाहेर सरळ पाटी असते : डॉक्टर व त्यांच्या कुटुंबीयांना प्राधान्य. मला ती पाटी आवडत नाही, पण निदान ती उघड आहे. वाचून कुणी उठून दुसरीकडे जाऊ शकतो. सरकारी दवाखान्यातल्या माणसाला दुसरीकडे जायला जागा नसते.

एक आणखी सांगते, मग नाही म्हणायच्या युक्तीकडे येते. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, तुमच्या एमआरआयच्या बाहेर बसून बघ कधी. पंखा चालतो का, पाणी आहे का, नंबर कोण पुकारतं आणि तो ऐकू येतो का? हे सगळं एका आठवड्यात दुरुस्त करायची ताकद ज्यांच्या सहीत आहे, त्यांच्या घरचं कुणी त्या बाकावर कधी बसतच नाही. त्यांना वाटतं व्यवस्था ठीक चालली आहे, त्यांचं काम तर दहा मिनिटांत झालं! मेहुणा एक दिवस त्या बाकावर बसला असता तर जेवायच्या वेळी घरी बोलला असता, आणि कदाचित पंखा लागला असता.

आता नाही कसं म्हणायचं. ‘नाही’ हा शब्द वापरूच नको, तू दुसऱ्या वर्षाची आहेस, हुतात्मा व्हायची गरज नाही. फोन आला की प्रश्न विचार, डॉक्टरसारखा. ‘सर, पायातली ताकद कमी झाली आहे का? लघवी अडते किंवा कळत नाही असं? बैठकीच्या जागी बधिरपणा? ताप, वजन उतरणं, कॅन्सरची हिस्टरी?’ यातलं एक जरी हो आलं तर पुढचा फोन एचओडींना कर आणि मेहुण्याला सगळ्यांच्या आधी घे. तिथे तो सरांचा असल्याने काही बिघडत नाही. सगळी उत्तरं नाही आली तर म्हण, ‘मग सर, इमर्जन्सीत बसत नाही, गुरुवारची मोकळी जागा लिहून ठेवते. केसपेपर काढून पाठवा, फॉर्म मी स्वतः भरून घेते.’ नकार तू दिलाच नाहीस, तो त्यांनीच दिलेल्या उत्तरांनी दिला. बहुतेक सर इथे ‘बरं बरं’ म्हणतात. ते वाईट नसतात गं, त्यांना फक्त कुणी कधी विचारलेलं नसतं.

‘यादी संपल्यावर मी थांबते, तेव्हा घेऊ’ असंही तुला सुचेल. तुझा वेळ तुझा आहे, पण टेक्निशियन काकांचा नाही. ते ‘हो मॅडम’ म्हणतील, कारण त्यांना दुसरं काही म्हणता येत नाही. त्यांची शेवटची बस कितीची आहे ते आधी विचार.

दुसरं, यादीच्या वहीत एक रकाना वाढव. पाळी सोडून घेतलेल्या प्रत्येक पेशंटसमोर तीन गोष्टी : कुणी सांगितलं, कारण काय, आणि त्यामुळे कोण मागे सरकलं. हे गुपचूप करू नको, तुझ्या लेक्चररना विचारून कर आणि ‘इमर्जन्सीचं ऑडिट’ म्हण, ते खोटंही नाही. तिसऱ्या रकान्यात नाव लिहावं लागतं हे कळलं की फोन आपोआप कमी होतात. मागे सरकलेल्याला दुसऱ्या दिवशी पहिलं घ्यायचं, हेही त्याच रकान्यावरून ठरतं. असं नागपुरात चालणार नाही म्हणू नको. विदर्भात मेंदूमृत दात्यांकडून मिळणाऱ्या अवयवांचं वाटप याच शहरातल्या झेडटीसीसी या अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्रातून ठरलेल्या प्रतीक्षायादीप्रमाणे होतं. तिथे ‘जरा मध्ये घे’ म्हणून मूत्रपिंड मिळत नाही, हे सगळ्या सरांना माहीत आहे.

एचओडींचं भय राहिलं. ऊठबस असते, पण एमआरआयच्या यादीवरून भांडण झालं तर उत्तर द्यावं लागतं ते एचओडींनाच, म्हणून त्यांना आधीच आपल्या बाजूला घे. एखाद्या निवांत दुपारी जा, सरांचं नाव घेऊ नको, तक्रार करू नको. एवढंच विचार, ‘मॅडम, पाळी सोडून पेशंट घ्यायचा असेल तर तुमची सही घ्यायची का?’ कोणतीही शहाणी एचओडी याला हो म्हणेल, आणि पुढच्या फोनवर तुला म्हणता येईल की सही लागते. ती नाही म्हणाली, तर मात्र तुझ्या हातात प्रश्न विचारणं आणि वही भरणं एवढंच राहतं. तेवढंच कर. एखादा मेहुणा तरीही आत जाईल, तेव्हा मागे सरकलेल्या माणसाला तू स्वतः बाहेर जाऊन सांग की का थांबावं लागतंय आणि आता नक्की कधी होणार, आणि रात्री मुक्काम करायचा तर धर्मशाळा कुठे आहे ते समाजसेवा अधीक्षकांकडून विचारून दे.

आणि रूममेटला माझा निरोप. पुढच्या वेळी मार्डची, म्हणजे तुमच्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेची, बैठक असेल तेव्हा विद्यावेतन आणि वसतिगृहाच्या खाली आणखी एक मागणी लिहून द्या : आठवड्यातून दोन दुपारी कर्मचाऱ्यांची वेगळी ओपीडी, त्यात डॉक्टर, सिस्टर, मामा आणि सफाईवाल्या बाया सगळ्यांचा एकच नंबर, आणि प्रत्येकाचा केसपेपर.